मज्जातंतूंच्या वेदनांवरील औषधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेहमीची वेदनाशामक गोळी या दुखण्यावर का चालत नाही?

पाय मुरगळतो किंवा दाढ सुजते, तेव्हा इजा त्या जागी झालेली असते आणि मज्जातंतू तेथील खबर मेंदूपर्यंत पोहोचवण्याचे आपले काम चोख करत असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या त्या जागेवरील दाह कमी करतात आणि म्हणून दुखणे थांबते. मज्जातंतूंच्या वेदनेत मात्र बिघाड तंतूतच असतो. जागेवर काही घडलेले नसताना तो खबरी पाठवत राहतो, आणि हळूहळू मज्जारज्जूतील पेशीही इतक्या हळव्या होतात की साध्या स्पर्शाचाही त्या वेदना म्हणून अर्थ लावू लागतात. अशा ठिकाणी दाह कमी करणाऱ्या गोळीला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. तरीही असंख्य रुग्ण महिनोन्‌महिने याच गोळ्या घेत राहतात. पायांची आग कायम राहते आणि जठर व मूत्रपिंडे मात्र नाहक भरडली जातात.

आपले दुखणे मज्जातंतूंचेच आहे, हे कसे ओळखावे?

रुग्ण वापरतो ते शब्दच बहुतेक वेळा निदानाची दिशा दाखवतात. आग होणे, मुंग्या येणे, सुया टोचल्यासारखे वाटणे, विजेचा झटका बसावा तशी चमक उठणे, बर्फात पाय ठेवल्यासारखे गार पडणे, ही वर्णने स्नायूंच्या किंवा सांध्यांच्या दुखण्यात सहसा येत नाहीत. त्याच जागी बधिरपणाही असतो, आणि ही जोडी मोठी विचित्र असते : रात्री पायावर चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, म्हणून माणूस पाय उघडे टाकून झोपतो, आणि त्याच पायातून दिवसा चप्पल निसटली तरी त्याला पत्ता लागत नाही. डॉक्टर कापूस, टाचणी, कंप पावणारा धातूचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आणि तळपायाला टेकवायचा नायलॉनचा बारीक धागा यांनी संवेदना तपासतात. विजेच्या साहाय्याने केलेली मज्जातंतूंची तपासणी निर्दोष आली, म्हणजे दुखणे मनाचे आहे असे मुळीच नाही. ती तपासणी जाड तंतूंचे काम मोजते, आणि आग व वेदना वाहून नेणारे अतिशय बारीक तंतू तिच्या आवाक्याबाहेर असतात.

औषध सुरू करण्याआधी कारण शोधणे आवश्यक आहे का?

होय. मधुमेह हे सर्वांत नेहमीचे कारण आहे; त्याशिवाय नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी वेदना, मणक्यात दबलेली नस, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली गती, मद्यपान, कुष्ठरोग, एचआयव्ही, पक्षाघात आणि मज्जारज्जूची इजा ही कारणेही तपासावी लागतात. कधी कधी दोष आधीपासून चालू असलेल्या औषधाचा असतो : क्षयरोगावरील आयसोनियाझिड आणि कर्करोगावरील व्हिनक्रिस्टिन, सिसप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल ही औषधे मज्जातंतूंना इजा करू शकतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ घटू शकते, म्हणजे पायांतल्या मुंग्यांचे सारे खापर साखरेवर फोडून चालत नाही. पुढे ज्या औषधांची चर्चा केली आहे ती वेदनेवरची आहेत. खराब झालेला तंतू ती दुरुस्त करत नाहीत.

डॉक्टर सहसा प्रथम कोणती औषधे देतात?

तीन गट पहिल्या पसंतीचे मानले जातात. पहिल्या गटात अमिट्रिप्टिलीन आणि नॉर्ट्रिप्टिलीन ही जुनी नैराश्यविरोधी औषधे येतात. दुसऱ्यात ड्युलोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन ही त्याच कुळातील नवी औषधे. आणि तिसऱ्यात गॅबापेंटिन व प्रीगाबालिन ही मुळात फिट्ससाठी आलेली औषधे. २०१५ साली ‘द लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात जगभरातील चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ठळक आराम मिळालेला एक जादा रुग्ण पदरात पडण्यासाठी सरासरी किती जणांना औषध द्यावे लागते, हे त्यात मोजले होते. पहिल्या गटासाठी तो आकडा ३.६, दुसऱ्यासाठी ६.४, गॅबापेंटिनसाठी ७.२ आणि प्रीगाबालिनसाठी ७.७ निघाला. आकडा जितका लहान तितके औषध चांगले, हे खरे. परंतु जुन्या औषधांच्या चाचण्या लहान आणि आजच्याइतक्या काटेकोर नव्हत्या, त्यामुळे त्यांचा आकडा थोडा खुलून दिसत असण्याची शक्यता धरावी लागते.

या आकड्यांचा खरा अर्थ असा की, कोणतेही एक औषध सगळ्यांना लागू पडत नाही आणि पहिले औषध न लागणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. या तीन गटांपैकी कोणता निवडायचा, हे दुखण्याच्या नावापेक्षा रुग्णाचे वय, हृदय, मूत्रपिंडे, झोप आणि चालू असलेली इतर औषधे यांवरच अधिक ठरते. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही, आणि कधी ती अपायकारकही ठरते.

मला नैराश्य नाही आणि फिटही येत नाही. मग ही औषधे मला का लिहून दिली?

औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रक घरी वाचल्यावर हा प्रश्न हमखास पडतो, आणि कित्येकांची गोळी तेथेच थांबते. डॉक्टरांनी दोन वाक्यांत आधीच सांगितले असते, तर हा गोंधळ टळला असता. मेंदूच्या बुंध्यापासून मज्जारज्जूकडे उतरणारी एक यंत्रणा वेदनेच्या संदेशांना वाटेतच आवर घालत असते, आणि तिचे काम सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवर चालते. नैराश्यविरोधी औषधे या रसायनांचा साठा तंतूंच्या जोडांपाशी टिकवून धरतात. हा परिणाम मनःस्थितीपासून स्वतंत्र असतो, आणि अमिट्रिप्टिलीनच्या बाबतीत तो नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा बऱ्याच कमी मात्रेतही मिळतो.

गॅबापेंटिनची गोष्ट मजेशीर आहे. ‘गाबा’ या मेंदूतील शांतवणाऱ्या रसायनाची नक्कल म्हणून ते घडवले गेले आणि नावही त्यावरूनच पडले; प्रत्यक्षात ते त्या मार्गाने काम करतच नाही. तंतूंच्या टोकांवरील कॅल्शियमच्या वाहिन्यांच्या एका भागाला ते चिकटते, आणि त्यामुळे अतिउत्तेजित तंतूंतून बाहेर पडणारी संदेशवाहक रसायने कमी होतात. अमेरिकेत त्याला १९९३ साली फिट्ससाठी आणि २००२ साली नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली.

अमिट्रिप्टिलीन कसे घेतात आणि कोणी घेऊ नये?

सुरुवात बहुधा रात्री १० मिलिग्रॅमने होते आणि आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने मात्रा २५, ५० आणि गरजेनुसार ७५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवली जाते. वेदनेमुळे ज्यांची झोप उडाली आहे त्यांना या औषधाची गुंगी वरदानच वाटते. तीच गुंगी सकाळपर्यंत रेंगाळत असेल, तर गोळी अंथरुणावर पडताना घेण्याऐवजी दोन-तीन तास आधी घ्यावी; एवढ्याशा बदलाने अनेकांची सकाळची झापड जाते आणि औषध बदलण्याची वेळ येत नाही. तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठ होणे, धूसर दिसणे आणि वजन वाढणे हे या औषधाचे नेहमीचे त्रास आहेत. त्यांतले काही महिन्याभरात निवळतात; कोरड मात्र बहुधा राहते, आणि तिच्यामुळे दात किडू नयेत याची काळजी घ्यावी लागते.

हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार, प्रोस्टेट वाढल्यामुळे अडखळणारी लघवी यांपैकी काही असल्यास हे औषध टाळतात. चाळिशी ओलांडलेल्या रुग्णाचा आधी ईसीजी काढून घेणे शहाणपणाचे असते. वृद्धांना उभे राहताना चक्कर येऊन पडण्याचा आणि विसरभोळेपणा वाढण्याचा धोका असतो, म्हणून त्यांच्यासाठी, द्यायचेच झाले तर, थोडे सौम्य असे नॉर्ट्रिप्टिलीन निवडले जाते. एकाच वेळी अनेक गोळ्या पोटात गेल्यास हे औषध जीवघेणे ठरते. लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी ते कधीही ठेवू नये.

गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन यांत फरक कोणता?

दोघांचे काम एकच आहे, फरक ती शरीरात शोषली जाण्याच्या पद्धतीत आहे. गॅबापेंटिन आतड्यातून ज्या वाटेने आत जाते ती वाट लवकर तुडुंब भरते. दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतले तर सुमारे ६० टक्के औषध रक्तात पोहोचते. ३,६०० मिलिग्रॅम घेतले तर जेमतेम ३३ टक्के. त्यामुळे ते दिवसातून तीनदा विभागून घ्यावे लागते. साधारणपणे रात्रीच्या ३०० मिलिग्रॅमने सुरुवात करून, काही आठवड्यांत ते दिवसाला १,८०० ते ३,६०० पर्यंत नेले जाते. अनेकांचे औषध ‘लागू पडले नाही’ असे म्हटले जाते तेव्हा ते ३०० किंवा ६०० वरच अडकलेले असते. प्रीगाबालिनचे ९० टक्क्यांहून अधिक शोषण होते, ते दिवसातून दोनदा पुरते, आणि त्याची दिवसाची मात्रा १५० ते ६०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते.

दोन्ही औषधे जवळजवळ जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ती शरीरात साठत जातात, म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी पाहूनच मात्रा ठरवावी लागते. गरगरणे, झापड, घोट्यांवर सूज आणि वजनवाढ हे त्रास दोघांतही दिसतात. हृदय दुर्बळ असलेल्यांनी सुजेकडे विशेष लक्ष द्यावे. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे औषध घेतल्यास त्यानंतर निदान दोन तासांनी गॅबापेंटिन घ्यावे.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये इशारा दिला आहे की, मॉर्फिनसारखी अफूवर्गीय औषधे किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत, तसेच वृद्ध आणि फुफ्फुसांची क्षमता घटलेल्या रुग्णांमध्ये ही औषधे श्वास धोकादायकरीत्या मंद करू शकतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनने दोन्ही औषधे नियंत्रित वर्गात टाकली, कारण त्यांची सवय लागते आणि गैरवापरही होतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा पाळणाऱ्या रुग्णाने यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण ‘आज जास्त दुखते म्हणून एक जास्त’ हा हिशेब येथे चालत नाही.

ड्युलोक्सेटिन कोणासाठी योग्य ठरते?

मधुमेहातील पायांच्या आगीवर आणि कर्करोगाच्या औषधांमुळे आलेल्या वेदनेवर याचा चांगला उपयोग होतो. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर एकाच गोळीत दोन्ही कामे होतात. ते अमिट्रिप्टिलीनइतके झोपाळू नाही आणि वजनही सहसा वाढवत नाही. पहिला आठवडा ३० मिलिग्रॅम आणि नंतर ६० मिलिग्रॅम, ही त्याची नेहमीची चाल आहे. ६० च्या पुढे गेल्यास त्रास वाढतो, आराम फारसा वाढत नाही. सुरुवातीच्या दिवसांतली मळमळ अन्नासोबत गोळी घेतल्यास कमी होते. यकृताचा आजार, नियमित मद्यपान, मूत्रपिंडांचा गंभीर आजार आणि अनियंत्रित रक्तदाब यांत ते टाळावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

चेहऱ्यावर विजेसारख्या चमका येतात, त्यासाठी औषध वेगळे असते का?

होय, आणि ते बरेच वेगळे असते. दात घासताना, घास चावताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच गालात काही सेकंदांची असह्य कळ उठत असेल, तर तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेचा आजार, असू शकतो. दाताचे दुखणे समजून निरोगी दाढा काढून घेतलेले रुग्ण या आजारात अनेकदा भेटतात. येथे १९६० च्या दशकापासून वापरात असलेले कार्बामाझेपिन हेच पहिले औषध आहे आणि सुरुवातीला बहुतेकांना ते काही दिवसांतच गुण देते. मात्र रक्तातील सोडियम घटणे, पांढऱ्या पेशी कमी होणे आणि यकृतावर ताण येणे शक्य असल्याने रक्ततपासण्या कराव्या लागतात.

क्वचित प्रसंगी त्वचेची अतिशय गंभीर प्रतिक्रिया उद्भवते. तिचा धोका एका विशिष्ट जनुकीय प्रकाराशी निगडित आहे आणि तो प्रकार आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आढळतो. २००७ पासून अशा रुग्णांची औषधाआधी जनुकीय तपासणी करण्याची शिफारस आहे. औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आल्यास पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. संततिनियमनाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी काही औषधे यांचा परिणाम कार्बामाझेपिनमुळे कमी होतो. औषध पुरे पडेनासे झाले, तर नसेवरील रक्तवाहिनीचा दाब दूर करणारी शस्त्रक्रिया हा चांगला पर्याय आहे.

सायटिकासाठी प्रीगाबालिन घ्यावे का?

या औषधाचा सर्वांत मोठा निष्कारण वापर याच, कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यात होतो, असे माझे मत आहे. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सायटिकाच्या रुग्णांना प्रीगाबालिनने निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक आराम मिळाला नाही, चक्कर मात्र अधिक आली. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वेही सायटिकासाठी हा गट वापरू नका, असेच सांगतात.

गोळ्यांऐवजी मलम किंवा पट्टी चालते का?

दुखणे हाताच्या पंजाएवढ्या जागेत असेल, तर हा मार्ग आधी विचारात घ्यावा, विशेषतः वृद्धांसाठी आणि आधीच दहा गोळ्या घेणाऱ्यांसाठी. ५ टक्के लिडोकेनची पट्टी बारा तास लावून बारा तास काढून ठेवतात, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त लावत नाहीत. नागिणीनंतरच्या वेदनेत ती विशेष उपयोगी आहे. मात्र फोड पूर्ण सुकून त्वचा सलग झालेली असली पाहिजे.

दुसरे औषध म्हणजे कॅप्सेसिन, मिरचीला तिखटपणा देणारे द्रव्य. तिखटाने आग का होते, या प्रश्नाचा माग काढताना डेव्हिड ज्युलियस यांना तंतूंवरील उष्णता आणि वेदना ओळखणारा ग्राहक-रेणू (रिसेप्टर) सापडला, आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन त्या ग्राहकाला इतके डिवचते की तंतूंची टोके काही काळ निकामी होतात. ८ टक्क्यांची पट्टी रुग्णालयातच, पायांवर ३० मिनिटे आणि इतरत्र ६० मिनिटे लावली जाते आणि तिचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो. घरी लावायचे ०.०७५ टक्क्यांचे मलम दिवसातून तीन-चार वेळा, नेमाने, कित्येक आठवडे लावावे लागते. पहिल्या दिवसांत आग वाढते आणि तेथेच बहुतेक लोक धीर सोडतात. ते लावल्यावर हात साबणाने धुवावेत. तो हात चुकून डोळ्याला लागला, तर हा सल्ला पुन्हा कोणी द्यावा लागत नाही.

ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखी औषधे कधी वापरतात?

पहिल्या पसंतीची औषधे अपुरी ठरल्यावर, किंवा ती चढेपर्यंतच्या तीव्र काळात, तीही थोड्या दिवसांपुरती. ट्रॅमाडॉलमुळे फिट येऊ शकते, आणि ते ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलीनसोबत घेतल्यास शरीरात सेरोटोनिन अति वाढून थरथर, घाम, ताप आणि गोंधळलेपणा उद्भवू शकतो. मॉर्फिनच्या गटाची सवय लागते, बद्धकोष्ठ होते, आणि दीर्घकाळ घेतल्यास वेदनेची जाणीव उलट तीव्र होऊ शकते.

‘नसांच्या ताकदीसाठी’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्यात का?

ब-१२ कमी असेल तर ते घ्यायलाच हवे, आणि लवकर घ्यायला हवे, कारण उशीर झाल्यास इजा कायमची राहते. पातळी पुरेशी असताना त्याच गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने वेदना कमी होते, याला भक्कम पुरावा नाही. ब-६ च्या बाबतीत तर सावधच राहावे : मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास ते स्वतःच मज्जातंतूंना इजा करते. मुंग्यांसाठी घेतलेली गोळी मुंग्या वाढवते आणि मुंग्या वाढल्या म्हणून माणूस आणखी एक गोळी घेतो, असे चक्र यात सुरू होऊ शकते.

गुण येण्यास किती दिवस लागतात, आणि तो आला हे कसे ठरवावे?

एखाद्या औषधाला न्याय द्यायचा, तर सोसवेल तेवढी पूर्ण मात्रा गाठल्यावर निदान दोन आठवडे, आणि एकूण चार ते आठ आठवडे द्यावे लागतात. वेदना पूर्णपणे जाईल ही अपेक्षा सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. ती ३० टक्क्यांनी उतरली तर औषध उपयोगी, आणि निम्म्याने उतरली तर उत्तम मानले जाते.

आठवणीवर विसंबून हे ठरत नाही. एका वहीत रोज रात्री तीन गोष्टी लिहाव्यात : शून्य ते दहापैकी वेदनेचा आकडा, रात्री किती वेळा जाग आली, आणि वेदनेमुळे कोणते काम राहिले. ‘७, चारदा, जिना टाळला’ अशी पहिल्या आठवड्यातील नोंद सहाव्या आठवड्यात ‘५, एकदा, जिना चढलो’ अशी झालेली असते, आणि तरीही रुग्ण डॉक्टरांना ‘काही फरक नाही’ असे सांगतो, कारण पाचही दुखतेच. वही समोर असली, म्हणजे लागू पडलेले औषध घाईने बदलले जात नाही.

दोन औषधे एकत्र घेता येतात का?

वेगवेगळ्या गटांतील दोन औषधे मध्यम मात्रेत एकत्र देणे ही मान्य पद्धत आहे. मधुमेही रुग्णांवर केलेली एक चाचणी २०२२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आली. तीत अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगाबालिन यांपैकी कशानेही सुरुवात केली तरी परिणाम साधारण सारखाच होता, आणि एकाने पुरेसा आराम न मिळालेल्यांना दुसऱ्याची जोड दिल्यावर आणखी फायदा झाला. मात्र अमिट्रिप्टिलीन आणि ड्युलोक्सेटिन एकमेकांसोबत सहसा देत नाहीत.

बरे वाटू लागल्यावर औषध बंद करता येते का?

येते, पण एकदम नाही. ड्युलोक्सेटिन अचानक सोडल्यास चक्कर, चिडचिड आणि डोक्यात झटके बसल्याची विचित्र जाणीव होते. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन अचानक सोडल्यास निद्रानाश, घाम आणि क्वचित फिटही येऊ शकते. मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते. प्रवासाला निघताना गोळ्या मोजून घ्याव्यात, हे त्यामुळेच. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

गरोदरपणात, वाहन चालवताना किंवा मद्यासोबत ही औषधे चालतात का?

गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने औषध सुरू होण्याआधीच हे सांगावे. कार्बामाझेपिनमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका वाढतो आणि प्रीगाबालिनबाबतही सावधगिरीची सूचना आहे. मात्र गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून गोळी स्वतःहून थांबवू नये. पहिल्या आठवड्यात आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर, झापड येत नाही याची खात्री होईपर्यंत वाहन चालवू नये. मद्य टाळावे.

कोणत्या वेळी थांबून चालत नाही?

दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, पायांतील शक्ती तासातासाला कमी होत जाणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठावे. दबलेल्या नसा सोडवण्यासाठी तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. बधिर पायावर न दुखणारी जखम दिसल्यास ती न दुखणे हीच काळजीची गोष्ट समजावी. नैराश्याच्या आणि फिट्सच्या औषधांनी काही रुग्णांच्या मनात आत्मघाताचे विचार येतात, विशेषतः तरुणांमध्ये आणि पहिल्या काही आठवड्यांत. असे विचार आल्यास त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. नागिणीचे पुरळ उठल्यावर ७२ तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू करण्याचा प्रयत्न करावा, आणि पुरळ डोळ्याजवळ असेल तर नेत्रतज्ज्ञांची भेट दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.